शेण आणि गण

२९ डिसेंबर २०२४, रविवार. सकाळी ८.१०

लिफ्टशेजारी सोसायटीची नवी नोटीस. सेक्रेटरी राजेशने लावलेली, अर्थात इंग्रजीत. थर्टी फर्स्टला गच्ची अकरापर्यंतच उघडी राहील, बाटल्या आणू नयेत, आणि शेवटी: ‘नो शेनॅनिगन्स.’

हा शेवटचा पदार्थ काय, ते कळलं नाही. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात मी चौतीस वर्षं इंग्रजी पत्रं लिहिली. हा शब्द एकदाही लागला नाही. म्हणजे शब्दच फारसा महत्त्वाचा नसावा.

तरी राजेशला विचारलं. म्हणाला, "काका, म्हणजे चाळे. वाह्यातपणा." शब्द आला कुठून, विचारलं. म्हणाला, "माझ्याकडे तर व्हॉट्सअ‍ॅपवर आला."

नव्या पिढीत जिज्ञासा नाही.

त्याच दिवशी, दुपारी ३.४०

वामकुक्षीतून ताडकन उठलो. शेनॅनिगन. शेण-आनि-गन. शेण आणि गण!

भरभर म्हणून पाहिलं. सतरा वेळा. बायकोने, म्हणजे नीलाने, स्वयंपाकघरातून विचारलं, छातीत दुखतंय का.

वाईट वागणाऱ्याला मराठीत काय म्हणतात? शेण खाल्लं. आणि असं शेण खाणारा कधी एकटा असतो का? नाही. त्याचा गण असतो. इंग्रजांनी आपला शब्द उचलला, वर स्पेलिंगमध्ये दोन-तीन जादा अक्षरं घालून लपवला. मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पण कामं काही संपलेली नाहीत.

नीलाला सांगितलं. ती म्हणाली, मोबाईलवर बघा ना, दोन मिनिटांत कळेल. मी म्हटलं, मोबाईलला शेण काय माहीत.

१ जानेवारी २०२५, बुधवार

संकल्प. रोज पाच तास संशोधन. जून अखेर पुस्तक. साखर बंद.

संध्याकाळी: आज सुट्टीचा मूड होता. उद्यापासून. शेजारच्यांनी केक दिला, त्यांना वाईट वाटू नये म्हणून दोन तुकडे.

४ जानेवारी, शनिवार

संशोधन जोरात. ‘हूलिगन’ म्हणजे हुल्लड-गण. ‘स्कँडल’ म्हणजे सांडलं. (दूध सांडलं, अब्रू सांडली, एकच.) इंग्रजीतले वाईट वागण्याचे सगळे शब्द आपल्याकडूनच गेलेले दिसतात. अभिमान वाटावा की नाही, याचा विचार नंतर करू.

६ जानेवारी, सोमवार

सकाळी मैदानात फेऱ्या मारताना श्यामसुंदरला सांगितलं.

श्यामसुंदर गुप्ते. बाजूच्या इमारतीत एकटा राहतो. तीस वर्षं आम्ही रोज सकाळी बरोबर चालतो. शाळेत इंग्रजी शिकवायचा, आता आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा अध्यक्ष. दर बुधवारी संघाच्या हॉलमध्ये फुकट इंग्रजी बोलायचा क्लास घेतो. पंधरा-वीस बायका आणि दोन पुरुष येतात. मी जात नाही. मला येतं.

त्याने पूर्ण ऐकून घेतलं. हसला नाही, हे खरं. म्हणाला, "सीताराम, शब्द पहिल्यांदा छापलेला दिसतो तो कॅलिफोर्नियात, अठराशे पन्नासच्या दशकात. कुणी म्हणतं आयरिश, कोल्ह्याच्या लबाडीवरून. कुणी म्हणतं स्पॅनिश. पण खरं मूळ कुणालाच माहीत नाही. कोशात सरळ ‘अज्ञात’ लिहिलंय."

अज्ञात! म्हणजे जागा रिकामी आहे. मी अर्ज करतोय.

श्यामसुंदर म्हणाला, नुसत्या आवाजावरून शब्दाचं मूळ ठरत नाही, पुरावा लागतो. त्याचा हा स्वभावच आहे. दुसऱ्याला काही सुचलं की याला पुरावा लागतो.

१३ जानेवारी, सोमवार

कॅलिफोर्नियाचं कोडं सुटलं. तिथे सोनं सापडलं तेव्हा जगभरातून माणसं धावली. त्यात एखादा मुलुंडचा नसेलच कशावरून? बरं, तो तिथे जाऊन मराठी बोलला नसेल कशावरून?

मी या पद्धतीला ‘कशावरून पद्धत’ असं नाव दिलं आहे. पुस्तकात वेगळं प्रकरण.

१९ जानेवारी, रविवार

मोठी बातमी. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा दिनाला संघात व्याख्यान. वक्ता मी. गेल्या वर्षी गुडघ्यांवर व्याख्यान झालं होतं, हॉल भरला होता. मी त्याच्या पुढे जाणार.

श्यामसुंदर अध्यक्षस्थानी. त्याने एकच अट घातली. "‘माझा अंदाज’ म्हणून सांग. ‘शोध’ म्हणू नकोस. लोक विश्वास ठेवतात रे आपल्यावर."

मी हो म्हटलं. ही अट मत्सरातून आली आहे, हे त्याला बोललो नाही. मन मोठं ठेवायचं.

२८ जानेवारी, मंगळवार

प्रात्यक्षिकासाठी शेण हवं. मुलुंडमध्ये पाच ठिकाणी सुशी मिळते, शेण कुठे मिळतं ते कुणाला सांगता येईना. शेवटी मोबाईलवर मागवलं. गोवऱ्या, प्रीमियम, सहा नग, अकरा मिनिटांत घरपोच. बरोबर एक चॉकलेट फ्री. नीलाने गोवऱ्या बाल्कनीत ठेवायला लावल्या आणि चॉकलेट खाल्लं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुराव्याचा विचार करतोय. पुरावा नसतो असं नाही. असतो. फक्त हरवलेला असतो.

इतिहासात पुनर्रचना नावाची गोष्ट मान्य आहे. देवळाचा खांब पडला तर सिमेंटचा नवा घालतातच की.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी

नीला तिच्या बहिणीकडे बोरिवलीला. घरात शांतता.

पुराव्याला थोडी मदत केली.

वडिलांच्या जुन्या वहीचा कोरा कागद चहात बुडवला, पंख्याखाली वाळवला, वरून इस्त्री फिरवली. बोरू नव्हता म्हणून उदबत्तीची काडी. सन १८४३, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या आधी. मुलुंडला छावणीत असलेल्या एका साहेबाने ठाण्याच्या भावाला लिहिलेलं पत्र: ‘डिअर ब्रदर, विथ रेफरन्स टु युअर लेटर, आय बेग टु स्टेट दॅट द नेटिव्ज आर सेइंग शेण आणि गण टु अवर सोल्जर्स ड्यू टु बॅड बिहेवियर. काइंडली डू द नीडफुल.’

त्या काळची भाषा हुबेहूब उतरली. स्वतःलाच भरून आलं. असं पत्र कुणीतरी लिहिलं असणारच. ते सापडलं असतं तर असंच असतं. मग सापडलं म्हणायला काय हरकत?

संध्याकाळी नीलाने विचारलं, इस्त्रीला चहाचा वास कसा. मी म्हटलं, हवामान.

११ फेब्रुवारी, मंगळवार

श्यामसुंदरला पत्र दाखवलं. सांगितलं, वडिलांच्या ट्रंकेत तळाशी होतं.

त्याचं परवाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात, त्याने धूसर दिसतं. त्याने कागद हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि परत दिला. म्हणाला, "अक्षरं लागत नाहीत रे. तूच वाचून दाखव."

वाचलं. फक्त मजकूर. तारीख-पत्ता वगैरे कोण ऐकतो.

तो म्हणाला, "भाषा जरा ऑफिशियल वाटते."

मी म्हटलं, लष्करी माणूस.

"असेल. मग मी चुकलो, सीताराम. पुरावा असला की विषय संपला. उगाच तुला टोकत राहिलो." आणि माझा हात दाबला.

माझा विजय. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी. केळं खाल्लं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

संकल्प: व्याख्यानात पत्राचा उल्लेख ओझरता करायचा. ‘असं एक पत्र असल्याचं समजतं’ एवढंच. आपण सत्याला धरून.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

राजेश म्हणतो, पत्र स्कॅन करून पडद्यावर मोठं दाखवू, भारी दिसेल. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. तरुणांना प्रोत्साहन दिलंच पाहिजे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपास. साबुदाण्याची खिचडी दोनदा. भाषण पाठ. टाळ्यांसाठी तीन जागा सोडल्या आहेत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री ९

आज फार लिहिणार नाही.

हॉल भरला होता. शेणाच्या विनोदांना अपेक्षेपेक्षा जास्त हशा. ‘हुल्लड-गण’ला शिट्टीसुद्धा आली. गोवरी हातोहात फिरवली. श्यामसुंदर काळा चष्मा लावून माझ्या शेजारी. प्रास्ताविकात सगळ्यांसमोर म्हणाला, "मी सीतारामवर अविश्वास दाखवला होता. पण त्याने अस्सल पत्र शोधलं. आज मी जाहीरपणे कान धरतो." आणि खरोखर धरले. लोक हसले, टाळ्या वाजवल्या.

मग राजेशने पत्र पडद्यावर टाकलं.

तिसऱ्या रांगेतून कमलताई उठल्या. पोस्टात बत्तीस वर्षं होत्या, आता श्यामसुंदरच्या क्लासला येतात. म्हणाल्या, "तेंडोलकर, वर पत्त्यात काय लिहिलंय ते?"

पत्त्यात लिहिलं होतं: मिस्टर विल्यम, ठाणा ४०० ६०१.

"हा पिनकोड आहे," कमलताई म्हणाल्या. "पिनकोड आला पंधरा ऑगस्ट बहात्तरला. आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवला होता. तुमच्या साहेबाला अठराशे त्रेचाळीसमध्ये कुणी सांगितला?"

चौतीस वर्षांची सवय. पिनकोडशिवाय पत्र बाहेर सोडायचं नाही, असा आमच्या खात्यात दंडक होता. चांगल्या सवयीच माणसाला बुडवतात.

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. माझ्या तोंडून निघालं, "पत्र... पत्र गुप्ते सरांनी तपासलं होतं."

मी असं म्हणणार नव्हतो. वाक्य आपोआप बाहेर आलं.

तोंडं श्यामसुंदरकडे वळली. तो हळूच उठला, टेबलाचा कोपरा धरून. म्हणाला, "हो. मी तपासायला हवं होतं." एवढंच. आणि बसला.

आभार मानायला कुणी उठलं नाही. बटाटेवडे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

घरी आल्यावर नीला चप्पल काढता काढता दोनच शब्द बोलली. "शेण खाल्लंत."

प्रयोग व्याकरणदृष्ट्या अचूक. व्याख्यानात उदाहरण म्हणून घ्यायला हवा होता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शांतपणे विचार केला. घडलं ती केवळ तांत्रिक त्रुटी. सहा आकडे. त्यामुळे मूळ सिद्धांताला बाधा येत नाही. आणि ‘तपासलं होतं’ हे खोटं कसं? त्याने कागद हातात घेतला होता. चाचपला होता.

नीला बोलत नाही. घरात शांतता आहे. लेखनाला पोषक.

१ मार्च, शनिवार

मैदानात गेलो. श्यामसुंदर आज उलट्या दिशेने चालत होता. त्याला वाटलं असेल, म्हणजे भेट टळेल. पण एक जण सुलटा आणि एक उलटा चालला की प्रत्येक फेरीत दोनदा समोरासमोर येतात. मी आठ फेऱ्या मारतो. सोळा वेळा त्याने माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं.

गणित त्याचं कच्चंच आहे.

५ मार्च, बुधवार

संघाच्या दारात कमलताई आणि चार-पाच बायका वह्या घेऊन उभ्या. दाराला कुलूप. श्यामसुंदरने अध्यक्षपद सोडलं. क्लासही बंद. कमिटीला चिठ्ठी दिली म्हणे: ‘ज्याला खरं-खोटं ओळखता येत नाही त्याने शिकवू नये.’

कमलताई मला म्हणाल्या, "माझा नातू अमेरिकेतून फोन करतो. आत्ता कुठे त्याचं बोलणं निम्मं कळायला लागलं होतं. गेल्या रविवारी त्याने विचारलं, आजी, व्हॉट डिड यू ईट, तर मी अख्खं वाक्य बोलले. सरांमुळे. आणि लोक आता सरांना आंधळे म्हणून हसतायत."

मी म्हटलं, वाईट झालं.

त्या म्हणाल्या, "झालं नाही. केलं कुणीतरी."

माझ्याकडे बघत होत्या की माझ्या मागच्या भिंतीकडे, नक्की सांगता येणार नाही.

७ मार्च, शुक्रवार

संकल्प: उद्या श्यामसुंदरकडे जायचं.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. अशा दिवशी पुरुषाकडे जाणं बरं दिसत नाही. सोमवारी.

१० मार्च, सोमवार

गुडघा.

नीलाने आज तोंड उघडलं. म्हणाली, "बाईंच्या शेवटच्या आजारात तुम्ही ऑफिसच्या कामासाठी दिल्लीला होतात. तेव्हा चार रात्री हॉस्पिटलच्या बाकावर कोण झोपलं होतं?" बाई म्हणजे माझी आई. उत्तर तिला माहीत आहे. मलाही.

गुडघा बरा वाटतोय.

११ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७

गेलो. बेल वाजवली. पळून जायचा विचार आला, पण लिफ्ट खाली गेली होती.

श्यामसुंदरने दार उघडलं. पट्टी नव्हती. "बोल," म्हणाला. ‘ये’ नाही म्हणाला.

मी सुरुवात केली, "त्या दिवशी जी तांत्रिक त्रुटी..."

त्याने दार लोटायला घेतलं.

"पत्र मी लिहिलं," मी म्हटलं.

दार थांबलं. "ते कळलं मला. कमलताईंनी फोनवर सगळं वाचून दाखवलं. पिनकोडसकट ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिणारा मुलुंडमध्ये दुसरा कोण आहे?"

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"मी कशाला सांगू? तोंड तुला आहे."

जिन्यातून कुणीतरी गेलं. आम्ही दोघेही उगाच हसल्यासारखं केलं. मग तो म्हणाला, "पत्राचा राग नाही रे. पत्र बरं जमलं होतं. मी नंतर एकटाच हसलो. पण माझ्या डोळ्याला पट्टी होती, सीताराम. मी तुझ्या डोळ्यांनी वाचलं."

मी त्याचं पायपुसणं पायाने सरळ केलं. ते सरळच होतं.

मी म्हटलं, चुकलो. हा शब्द तोंडातून निघाला तेव्हा आवाज माझा वाटला नाही. म्हणून परत म्हटलं.

"मला सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. "मला माहीतच आहे. संघाच्या बोर्डावर लाव. तुझ्या अक्षरात. आधी मला दाखव." आणि दार लावलं. आपटलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

निवेदनाचा पहिला खर्डा. अडीच पानं. ‘सदर पत्राच्या विश्वासार्हतेबाबत काही त्रुटी निदर्शनास आल्याने...’

नीलाने वाचला. विचारलं, "निदर्शनास आल्या म्हणजे? रस्त्यात भेटल्या?"

दुसरा खर्डा. दीड पान. श्यामसुंदरकडे नेला. त्याने उंबरठ्यावरच लाल पेन काढलं. ‘ज्ञानाच्या तळमळीपोटी’ खोडलं. ‘अनवधानाने’ खोडलं. ‘इतिहासात अशी उदाहरणे’ हा परिच्छेद पूर्ण खोडला. शाळेत हा मुलांना कसा आवडायचा, देव जाणे.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. बाहेर सगळे रंगलेले, मी चौथ्या खर्ड्यावर. उरल्या तीन ओळी.

‘ते पत्र मी घरी बसून तयार केलं होतं. गुप्ते सरांना ते माहीत नव्हतं, आणि डोळ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना ते वाचताही येत नव्हतं. शेनॅनिगन हा शब्द कुठून आला, मला माहीत नाही. सीताराम तेंडोलकर.’

श्यामसुंदरने दोनदा वाचलं. लाल पेन खिशात ठेवलं. मी विचारलं, बुधवारी क्लास? म्हणाला, लाव तर आधी.

चौतीस वर्षांत ‘मला माहीत नाही’ असं वाक्य मी एकाही पत्रात लिहिलं नव्हतं. आमच्याकडे ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असं लिहायची पद्धत होती.

१६ मार्च, रविवार. दुपारी १२

सकाळी नऊला संघाच्या बोर्डावर कागद लावला. चार टाचण्या. मग बाजूला उभा राहिलो. गर्दी होईल, कुजबुज होईल, काही जण तोंडावर बोलतील. सगळं ऐकून घ्यायचं ठरवून गेलो होतो. नीलाने इस्त्रीचा शर्ट काढून दिला होता.

बोर्डावर डावीकडे ‘मोफत कान तपासणी शिबिर’. उजवीकडे ‘सापडली आहे: दातांची कवळी, वरची’. मधे मी.

सव्वा दहापर्यंत अकरा माणसं आली. नऊ जणांनी कान वाचले. एका गृहस्थांनी कवळी वाचून आपली जागच्या जागी आहे ना, जिभेने पाहून घेतलं. माझं फक्त कमलताईंनी वाचलं, ओळीवर बोट ठेवून, शेवटपर्यंत. म्हणाल्या, "बरं केलंत. आता क्लासचं सरांना तुम्हीच विचारा." मी म्हटलं, एकदा विचारलंय. म्हणाल्या, "परत विचारा."

बाकी कुणी काही बोललं नाही. मी खाकरून पाहिलं. आभाळ कोसळेल म्हणून छत्री उघडून उभं राहावं आणि वर कावळासुद्धा नसावा, तसं झालं.

शेवटी एक बाई आल्या. संघात नव्या असाव्यात, मी ओळखलं नाही. बराच वेळ बोर्डाकडे बघत होत्या. मी मान खाली घालून तयार राहिलो.

त्या म्हणाल्या, "काका, जरा सरकता का? कानाची वेळ दिसत नाहीये."

सरकलो.